पट्टी बदलली, ठेका राहिला

आमच्या बँडचा पहिला अल्बम नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला. त्यातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग जानेवारी २०१३ मधलं आहे. आठ गाणी, एक्केचाळीस मिनिटं, आणि मध्ये जवळजवळ बारा वर्षं. सुरुवातीला आम्ही चौघं होतो. शेवटी मोजदाद केली तेव्हा दोन गायक, तीन गिटारवाले, तीन ड्रमर आणि बास गिटारवर मी, अशी नऊ माणसं या आठ गाण्यांतून येऊन गेली होती. "एवढी वर्षं करत काय होतात?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. आम्ही बसून नव्हतो. दर आठवड्याला भेटत होतो, पगारातले पैसे घालत होतो. मग अडत काय होतं, ते एकदा नीट लिहायचं होतं.

आमची ओळख फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या कलास्पर्धेच्या, तालमींतली. करंडक मिळाला नाही, पण त्या तीन महिन्यांत आम्हा चौघांना एकमेकांचं वाजवणं कळलं. कॉलेज संपल्यावर मी भोसरीला एका टूलरूममध्ये लागलो. गायक साताऱ्याचा, इथे खोली करून राहायचा. गिटारवाल्याच्या मावशींचा कर्वेनगरला बंगला होता, त्याचं गॅरेज आम्हाला मिळालं. ड्रमर कसब्यातला, तांबट आळीतला. घरात पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेचं काम.

गॅरेजच्या भिंतींना आम्ही अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, कारण सगळेच चिकटवत होते. त्याने खोलीतला चिरका घुमारा थोडा मरतो, बाहेर जाणारा आवाज मात्र तसूभर कमी होत नाही. आवाज अडवायला वजन लागतं: वीट, वाळू, जाड प्लाय, आणि फट नसलेलं दार. बास तर पुठ्ठ्याला जुमानतच नाही. मी खालची ए तार मोकळी छेडली की वर मावशींच्या फळीवरची पातेली थरथरायची. मावशी कधी रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त दोन पातेल्यांमध्ये एकेक फडकं ठेवायला सुरुवात केली. अल्बमच्या आभारात त्यांचं नाव सगळ्यात वर आहे.

९ डिसेंबर २०१२ला गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड मुंबईत आला होता. आम्ही चौघं एका मित्राची ओम्नी घेऊन गेलो. मूळ बँडमधला स्टेजवर फक्त गायक अ‍ॅक्सल रोझ. गिटारवाला स्लॅश १९९६ मध्ये सोडून गेला होता, बासवाला डफ मकेगन १९९७ मध्ये. १९९१ साली एकाच दिवशी दोन अल्बम काढणाऱ्या या बँडला स्वतःच्या नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम काढायला २००८चा नोव्हेंबर उजाडला. सतरा वर्षं. 'चायनीज डेमोक्रसी' या त्या अल्बमवर १ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाल्याचं अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने तो निघायच्याही आधी, २००५ मध्ये, छापलं होतं. मी त्या रात्री पूर्ण वेळ बासवाल्याकडे बघत होतो. टॉमी स्टिन्सन, डफच्या जागी आलेला. जुन्या गाण्यांत तो दुसऱ्याने बांधलेल्या ओळी वाजवत होता, आणि मन लावून वाजवत होता. परतीच्या वाटेवर लोणावळ्याला चहा घेताना आम्ही ठरवलं की जानेवारीत रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि गणपतीच्या आत अल्बम काढायचा.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यासारख्या बँडचा अल्बम सगळ्यांनी एकत्र वाजवून होत नाही, थरांनी होतो. आधी गाण्याची लय ठरवून क्लिक लावायचा, म्हणजे कानात ठोके देणारं घड्याळ. त्यावर कच्ची गिटार आणि कच्चं गाणं टाकायचं, त्याला गाइड म्हणतात. मग त्या गाइडवर ड्रम्स पक्के करायचे. त्यावर बास, त्यावर गिटारी, डावीकडे एकदा आणि उजवीकडे पुन्हा एकदा तेच वाजवून, आणि सगळ्यात शेवटी आवाज. ड्रम्स सगळ्यात तळाला. बाकीचे सगळे त्यावर उभे राहतात, म्हणून ते आधी.

आमच्या आठांपैकी एक गाणं नऊ मिनिटांचं आहे. आम्ही त्याला नुसतं 'पानशेत' म्हणतो. माझी आजी १९६१ मध्ये शनिवार पेठेत राहायची. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं, आणि दुपारपर्यंत वाड्याच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात गेल्या. आजी त्या पायऱ्या मोजत वर सरकत होती. तेवढीच गोष्ट गाण्यात आहे, आजी आणि पायऱ्या. पहिली पाच मिनिटं ड्रम्स नाहीतच, गिटार आणि आवाज, मागून हळूच बास. मग पाणी येतं. तिथे ड्रम्स येतात आणि शेवटपर्यंत थांबत नाहीत.

जानेवारी २०१३ मध्ये दोन दिवस स्टुडिओ घेऊन आठही गाण्यांचे ड्रम्स केले. 'पानशेत' दुसऱ्या दिवशी रात्री, सगळे थकलेले असताना. तिसऱ्या टेकला झालं. आम्ही काचेच्या अलीकडे उभे होतो. पाच मिनिटं ड्रमर हातात काठ्या घेऊन मान खाली घालून नुसता बसला होता, ओठांनी मोजत. मग आला. स्क्रीनवर बघितलं तर त्याचा स्नेअर, म्हणजे पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम, क्लिकच्या रेघेच्या किंचित मागे पडत होता. दरवेळी पंधरा-वीस मिलिसेकंद. रेकॉर्डिंग करणाऱ्याने विचारलं, "ग्रिडवर ओढून घेऊ का? दोन मिनिटांचं काम आहे." ओढून ऐकवलंही त्याने. ठोके बरोबर झाले, पण पाणी गेलं. एखादा माणूस जड पाय उचलत जिना चढतोय असं त्या उशिराने वाटत होतं, ते सपाट झालं. आम्ही म्हटलं, होतं तसंच ठेवा.

गणपतीच्या आत काही झालं नाही. माझी सेकंड शिफ्ट, गायकाच्या परीक्षा, स्टुडिओच्या तारखा. गुरुवारी माझी सुट्टी, आणि नेमकी गुरुवारीच दुरुस्तीसाठी लाइट जायची. हे सगळं मी दोन वाक्यांत संपवतो कारण ते सगळ्यांचंच असतं. त्याने अल्बम लांबतो, बारा वर्षं लांबत नाही.

२०१४ मध्ये ड्रमरच्या वडिलांचा खांदा गेला. हातोडा उचलेना. त्याने घरचं काम हातात घेतलं आणि एका संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन सांगितलं की यापुढे जमणार नाही. भांडण नाही, काही नाही. सेट तिथेच ठेवला, फक्त स्नेअर उचलून घरी घेऊन गेला. मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेलो आणि काहीच बोललो नाही. ते न बोलणं पुढे दहा वर्षं चाललं. तांबट आळी माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

गायक २०१५ मध्ये गेला, आणि तो भांडून गेला. एका कार्यक्रमाचे पैसे आयोजकाने बुडवले आणि राग आमचा आमच्यावरच निघाला. चार गाण्यांचे शब्द त्याचे होते. जाताना म्हणाला, "माझे शब्द वाजवू नका." आम्ही सहा महिने तीच चार गाणी सोडून बाकीचं वाजवत राहिलो.

आणि इथे खरा उशीर सुरू होतो. गायक बदलला की पट्टी बदलते, म्हणजे ज्या स्वरापासून गाणं गायचं तो मूळ स्वर. आमची नवी गायिका लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "पट्टी काय?" आमची गाणी ई मध्ये, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. ती गाणार काळी चारमधून. मधलं अंतर दोन पूर्ण स्वरांचं, कॉम्प्युटरवर गिटार तेवढी वर सरकवली तर खेळण्यातली वाटायला लागते. शिवाय आमचे सगळे रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी, ई च्या मोकळ्या तारेवर बांधलेले. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की जो भरणा येतो, त्यावरच ती गाणी उभी होती. काळी चारला गिटारवर एकही सोयीची मोकळी तार नाही. बोटांनी दाबून तेच वाजवलं की तोच स्वर कोरडा लागतो.

दोन महिने आम्ही त्यावर डोकं फोडलं. उत्तर शेवटी गन्स अँड रोझेसच्याच सवयीतून मिळालं. ते लोक सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवतात. आम्ही तशा उतरवल्या, तर ए ची तार नेमकी काळी चारला आली! रिफ जाड तारेवरून शेजारच्या या ए तारेवर नेऊन नव्याने बांधावे लागले. गिटारचा तळ थोडा गेला, पण बासला जागा मिळाली. 'पानशेत'मधली माझी आत्ताची ओळ तेव्हाची आहे, आधीची मी टाकून दिली. म्हणजे आतापर्यंत रेकॉर्ड केलेला एकूण एक बास आणि एकूण एक गिटार बाद. दीड वर्षाचं काम. पण ड्रम्सना पट्टी नसते. गेलेल्या माणसाचे ड्रम्स जसेच्या तसे उपयोगी पडले, आणि त्यांच्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात २०१६च्या पावसाळ्यात हार्ड डिस्क गेली. दुसरी प्रत ज्यांच्याकडे होती त्यांनी जागा करायला ती पुसली होती. ते कोण, हे सांगण्यात आता अर्थ नाही. जुन्या गिटारवाल्याच्या लॅपटॉपवर ड्रम्सच्या एकत्र केलेल्या फाइली सापडल्या. स्नेअर, किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम), वरचे माइक असे सुटे नाहीत, पण डावा-उजवा मिळून सगळा सेट. आम्ही त्या नव्या प्रोजेक्टमध्ये घातल्या आणि ऐकलं, तर 'पानशेत' ढिलं लागत होतं. आम्हाला वाटलं, एकत्र केलेली फाइल ऐकतोय म्हणून तसं वाटतंय. नव्या गिटारवाल्याने तर सरळ म्हटलं, "हा ड्रमर ओढत होता." मी ऐकून घेतलं. त्या ढिल्या ड्रम्सवर मी तीन रविवार बास वाजवला.

चौथ्या रविवारी मी लय मोजली. आमचं गाणं मिनिटाला ९२ ठोक्यांचं, हे भरत होतं साडेचौऱ्याऐंशी. मग स्नेअरचा सूर लावून बघितला, तर तोही जवळजवळ पाऊण स्वर खाली. लय आणि सूर एकाच प्रमाणात उतरले की दोष वाजवणाऱ्याचा नसतो, यंत्राचा असतो. मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेऊन, झालं होतं, आमचा नवा प्रोजेक्ट ४४.१ वर, आणि फाइल आत घेताना ती बदलून घ्यायची खूण आमच्याकडून राहिली होती. खूण केली, पुन्हा घेतली, तो पुन्हा तसाच, पंधरा-वीस मिलिसेकंद मागे, एकसारखा. मला पहिल्या ड्रमरला फोन करून माफी मागावीशी वाटली. त्याला तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्यानंतरची तीन-चार वर्षं भराभर सांगतो. दुसरा ड्रमर आठ महिने टिकला. तो ढोल पथकात होता, जुलैपासून नदीपात्रात सराव, म्हणजे गणपती होईपर्यंत आमचा बँड बंद. हात छान होता त्याचा, एका गाण्यावर तोच आहे. दुसरा गिटारवाला बंगळुरूला गेला. २०२०च्या लॉकडाउनमध्ये तो तिथून आणि आम्ही इथून घरच्या घरी भाग रेकॉर्ड करून पाठवत होतो. तेव्हा एक नियम शिकलो, जो कुणी मला आधी सांगितला असता तर महिने वाचले असते: तुमचा भाग गाण्याच्या मध्ये असला तरी फाइल शून्यापासून काढा, आधीच्या शांततेसकट. नाहीतर समोरचा ती कुठे चिकटवायची हे शोधत बसतो.

तिसरा ड्रमर २०२१ मध्ये आला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. एकत्र केलेल्या त्या जुन्या फाइलींतून स्नेअर वेगळा उचलता येत नव्हता, त्यामुळे मिक्स करणाऱ्याचं, म्हणजे सगळे थर एकमेकांत बसवणाऱ्याचं, म्हणणं पडलं की सगळे ड्रम्स नव्याने करा. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. सहा गाणी या पोराने नव्याने वाजवली आणि ती आधीपेक्षा चांगली झाली, हे मी मनापासून सांगतो. राहिलं 'पानशेत'.

'चायनीज डेमोक्रसी'च्या वेळी आधीच्या ड्रमरचे भाग लिहून काढून नव्या ड्रमरला तंतोतंत तसेच वाजवायला लावले होते, असं त्या नव्या ड्रमरने पुढे सांगितलंय. आम्ही तेच केलं. पोराने महिनाभर 'पानशेत' ऐकलं, ठोका ठोका वहीत उतरवला, कुठे काठी कडेला लागली तेसुद्धा. स्टुडिओत चार मिनिटांचा तो भाग त्याने हुबेहूब वाजवला. उशीरही तेवढाच. स्क्रीनवर दोन्ही लहरी एकाखाली एक लावल्या तर फरक दिसत नव्हता. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो बाहेर येऊन सोफ्यावर बसला, दोन्ही ऐकले, आणि म्हणाला, "दादा, मी उशीर करतोय ते ऐकू येतंय. त्यांचा उशीर ऐकू येत नाही."

आम्ही जुने ठेवले. मिक्सवाल्याला त्या एका गाण्यासाठी वेगळं काम करावं लागलं. स्नेअर सुटा नाही म्हणून बाकी सगळं त्याच्याभोवती बसवलं, गिटारी खाली घेतल्या, माझा बास कमी केला. तो म्हणाला, ड्रम्स जरा लांबून येतात. येऊ देत. पाणीही लांबूनच आलं होतं.

मग कागद. हे काम आम्ही पहिल्या दिवशी करायला हवं होतं. रेकॉर्डिंग विकायचं, ऑनलाइन चढवायचं, तर शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, हे लेखी लागतं. कॉपीराइट कायदा १९५७चा, पण २०१२च्या दुरुस्तीपासून गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहूनसुद्धा काढून घेता येत नाही. आणि शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीपर्यंत, नंतर आणखी ६० वर्षं. भांडून गेलेला माणूस शब्द घेऊनच जातो. ज्यांचा बँड आज नवा आहे त्यांनी प्रत्येक गाणं पूर्ण झालं की त्याच रात्री एक पानभर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. तेव्हा सगळे खुशीत असतात, पाच मिनिटं लागतात. मला ते पान घेऊन आठ वर्षांनी पहिल्या गायकाकडे साताऱ्याला जावं लागलं.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटलो. तो आता शाळेत शिकवतो. मी त्याला हेडफोन दिले, त्याचे शब्द दुसऱ्या गळ्यातून ऐकवले. ऐकताना तो माझ्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता. एका जागी त्याने गाणं थांबवलं. "इथे 'ओल' होतं. ती 'ओढ' म्हणतेय." मी म्हटलं, तिच्या तोंडात तेच बसलं, तुला चालत नसेल तर पुन्हा गाऊन घेऊ. त्याने तेवढाच भाग परत ऐकला. "राहू दे. हे बरं आहे." मग कागद पुढे ओढला. "माझं नाव कुठे येणार?"

"शब्द तुझे आहेत तिथे पहिलं."

त्याने सही केली आणि बिल त्यानेच दिलं. निघताना कंदी पेढ्यांचा एक पुडा माझ्या बॅगेत कोंबला. "मावशींना दे," म्हणाला.

'चायनीज डेमोक्रसी'च्या श्रेयनामावलीत गाण्यागणिक गिटारवाल्यांची भलीमोठी यादी आहे, गेलेल्यांसकट. पूर्वी मला ती पसाऱ्याची खूण वाटायची. आमची नावं लिहायला बसलो तेव्हा मी तीच पद्धत घेतली. प्रत्येक गाण्याखाली त्या गाण्यात ऐकू येणारा प्रत्येक माणूस. मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, झालं. ऑनलाइन ऐकवणाऱ्या बहुतेक सेवा सगळ्यांचा आवाज साधारण एका पातळीला आणून ठेवतात, त्यामुळे उगाच मोठा करून घेण्यात काही हाशील नव्हतं, आणि 'पानशेत'ची पहिली पाच मिनिटं आम्हाला हळू ठेवता आली.

अल्बम बाहेर यायच्या आठ दिवस आधी मी तांबट आळीत, पहिल्या ड्रमरकडे गेलो. दुपारची वेळ. शेजारच्या घरात मठारकाम चाललं होतं, हंड्यावर एकाला लागून एक ठोका, सगळे सारख्या अंतराचे. ड्रमरच्या वडिलांनी मला ओळखलं. "ये ये, बस. तो मागे आहे." तो हात पुसत आला. केस पांढरे झालेले. मी कागद काढला, तो न वाचताच सही करायला निघाला. मी म्हटलं, आधी ऐक.

पहिली पाच मिनिटं तो पाटावर बसून ऐकत होता, मान खाली. मी घड्याळ बघत होतो. पाच मिनिटांच्या जरा आधी त्याचे ओठ हलायला लागले. मोजत होता. पाणी आलं तेव्हा त्याने वर बघितलं, आणि उजव्या पायाची टाच जमिनीवर पडायला लागली, किकच्या जागी. शेवटपर्यंत पडत राहिली.

हेडफोन काढून त्याने मांडीवर ठेवले. "मी मागे पडतोय रे इथे सगळीकडे. सरळ नाही केलंत?"

"नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. शेजारचा हातोडा चालूच होता. "स्नेअर कोणता होता तो?"

"तुझाच. तू नेलास तो."

"हां. माळ्यावर आहे." मग उठला, भिंतीला लावलेली शिडी ओढली आणि मला म्हणाला, "धर जरा खालून."